प्रमाण सांगणार नाही, रॉकेट मात्र उडवून देतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नववीत आहे, डोकं चांगलं आहे. दिवाळी संपल्यावर त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी फुसके फटाके वेचून सोलले, आतली दारू एका बरणीत जमवली आणि आता व्हिडिओ बघून घरीच रॉकेट करायचं त्यांच्या डोक्यात आहे. रागावलं तर चोरून करतील, म्हणून निदान ‘सुरक्षित प्रमाण’ तरी सांगा, असं तुम्ही विचारलंय.

आधी बरणीचं बघू, बाकीचं नंतर. ती जिथे आहे तिथेच राहू द्या. हलवू नका, हुंगू नका, मुख्य म्हणजे झाकण फिरवून उघडू नका. झाकणाच्या आट्यांमध्ये दारूची पूड बसलेली असते आणि फिरवताना नेमकी तिच्यावरच घासण होते. पाणी ओतून निकाली काढतो असंही म्हणू नका. चार प्रकारच्या फटाक्यांची मिसळ आहे, तिच्यात काय काय आहे हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. खोली बंद करा, १०१ किंवा ११२ ला फोन लावा, जे आहे ते सरळ सांगा. पोरांनी फुसके सोलले होते म्हणून कुणी फासावर देत नाही.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण मीही फुसके सोललेत. आमच्या वाड्यात लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, कागदांच्या ढिगात वात जळून न फुटलेले फटाके हुडकायचे, हा ठरलेला कार्यक्रम. दहावीच्या वर्षी मी स्टीलच्या वाटीत अशी दारू जमवली होती. काडी लावली नव्हती, उदबत्तीसुद्धा जवळ नव्हती. चमच्याने सारखी करत होतो, एवढंच. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. पुढे पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, ती ह्या बोटांसकट.

त्या कारखान्यात आमच्या पदाचं नावच ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ होतं. फाटकावर काडेपेटी काढून द्यायची, नंतर मोबाइलही. कपडे सुती, नायलॉनचा बनियनसुद्धा चालत नसे. दारातून आत जाण्याआधी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. बूट वीज वाहून नेणारे, हत्यारं ठिणगी न पाडणारी. भिंतीवर पाटी: ह्या खोलीत माणसं इतकीच, माल इतकाच. दोन इमारतींच्या मध्ये मातीचे उंच बांध, एक उडाली तरी दुसरी उडू नये म्हणून. हे सगळं असूनही सकाळी शिफ्टवर जाताना देवाचं नाव न घेणारा माणूस मी पाहिला नाही. आता ह्याच्या शेजारी तुमच्या घराची गच्ची ठेवून बघा, मुलाच्या अंगातल्या पॉलिस्टरच्या टी-शर्टसकट.

आता प्रमाणाबद्दल. ते सांगणार नाही, आणि फक्त घाबरून नाही. प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेलाय. लोकांना वाटतं, रॉकेटची दारू म्हणजे भाकरीचं पीठ: माप जमलं की झालं. त्यात काही व्हिडिओंमध्ये साखर दिसते, म्हणजे तर स्वयंपाकघरच! पण रॉकेटची मोटर हे एक दाबाचं भांडं असतं. आत इंधन जळतं, वायू होतो, तो मागच्या अरुंद तोंडातून बाहेर पडतो. दाब वाढला की इंधन जास्त वेगाने जळतं. जास्त वेगाने जळलं की दाब आणखी वाढतो. हा पाठशिवणीचा खेळ काबूत राहतो तो मुख्यतः एका गोष्टीमुळे: जळणारा पृष्ठभाग ठरवलेला असतो, तेवढाच असतो. इंधनाच्या कांडीत केसाएवढी भेग पडली की त्या भेगेच्या दोन्ही बाजू पेटतात. पृष्ठभाग वाढला, दाब वाढला, वेग वाढला, आणि मोटर उडत नाही, फुटते. प्रमाण तंतोतंत असलं तरी फुटते. म्हणून मोठ्या मोटरी क्ष-किरणाखाली तपासतात. घरी सुकवलेल्या कांडीतली भेग तुम्ही कशाने बघणार?

अनुभव उपयोगी पडेल म्हणाल, तर जॅक पार्सन्स आठवा. अमेरिकेतली जेट प्रपल्शन लॅबोरेटरी, जी आज मंगळावर गाड्या चालवते, तिच्या संस्थापकांपैकी हा एक. घन इंधनाच्या क्षेत्रातला त्या काळातला बाप माणूस. १७ जून १९५२ रोजी पॅसाडेनामध्ये घरातल्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि तो गेला. वय ३७. आपल्याकडे तेरखेड्यापासून शिवकाशीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या ह्याच धंद्यात असलेल्या घरांतली माणसंही दगावतात. २०१२ च्या सप्टेंबरात शिवकाशीजवळ मुदलीपट्टीच्या एका कारखान्यात तीसच्या वर माणसं गेली.

कायद्याचं दोन ओळींत. १८८४ च्या स्फोटक कायद्यात ‘स्फोटक’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच फटाके आणि रॉकेट आहेत. परवान्याशिवाय ते बनवलं तर कलम ९ ब खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना देणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. ‘छंद म्हणून घरी थोडंसं’ अशी सूट त्यात नाही. अमेरिकेतल्या मामाने बॅगेतून तयार मोटर आणली तर? नाही. विमानात ती न्यायला बंदी आहे. मामाला गोत्यात आणू नका.

आता ज्या गोष्टीमुळे हा छंद जगला, ती मुलाला नक्की सांगा. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुतनिक सोडला आणि अमेरिकेतल्या शाळकरी पोरांना रॉकेटचं वेड लागलं. तळघरात, गॅरेजमध्ये मिश्रणं सुरू झाली आणि बोटं, डोळे, जीव जाऊ लागले. तुमच्या घरी आज चाललंय तेच. त्याच्या थोडं आधी नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाचा एक चपला-बुटांचा दुकानदार होता. त्याला फटाक्यांचा नाद आणि भावाला छोट्या विमानांचा. दोघांचं मिळून १९५४ मध्ये त्याने कागदी नळीचं, हलकं, पॅराशूटने खाली येणारं रॉकेट केलं. मोटर मात्र वेगळी, वापरून टाकून देण्याजोगी. हॅरी स्टाइन नावाचा व्हाइट सँड्स प्रक्षेपण तळावरचा सुरक्षेचा माणूस रॉकेटच्या धोक्यांवर लिहीत असे. ते वाचून कार्लाइलने त्याला आपले नमुने पाठवले. स्टाइनने त्यातलं मर्म ओळखलं: पोराने रॉकेट बांधावं, दारूला हात लावूच नये. मग व्हर्न एस्टेस नावाच्या एकाने मोटरी ठोकणारं यंत्र बनवलं आणि मोटर दुकानात मिळणारी वस्तू झाली.

म्हणजे छंद सुरक्षित झाला तो चांगलं प्रमाण सापडल्यामुळे नव्हे. बांधणारा आणि दारू ह्यांची ताटातूट केल्यामुळे झाला.

आपल्याकडे तशा मोटरी वाण्याकडे मिळत नाहीत, हे खरं. पण ताटातूट आणखी एक पाऊल पुढे नेता येते: दारूच काढून टाकायची. उरतं ते पाणी आणि हवा. पाण्याचं रॉकेट म्हटलं की नववीतली पोरं नाक मुरडतात, ‘ते पाचवीतलं’ म्हणतात. त्यांना हा हिशोब घाला. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचं तोंड आतून साधारण २२ मिलिमीटर. आत साठ पाउंडाची हवा भरली, म्हणजे मोटरसायकलच्या मागच्या टायरच्या दुपटीएवढी, तर सुटताना पाणी सेकंदाला २८-२९ मीटर वेगाने बाहेर पडतं. सुरुवातीचा रेटा निघतो तीस किलोच्या आसपास. रॉकेटचं वजन पाण्यासकट पाऊण किलो! सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात संपतं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत बाटली हातातून, म्हणजे जमिनीवरून, गेलेली असते आणि आठ-दहा मजल्यांएवढी उंची गाठते. पाचवीतलं काहीही नाही.

बाटली फसफसणाऱ्या पेयाचीच घ्या. पिण्याच्या पाण्याची बाटली पातळ असते, ती दाब धरत नाही. ओरखडा असलेली, चेपलेली, उन्हात पडून राहिलेली नको. बाटलीला सोल्युशन, फेव्हिक्विक, गरम गोंद काही लावायचं नाही. प्लास्टिक ठिसूळ होतं आणि नेमकं तिथे फाटतं. पंख चिकटवायला दुहेरी टेप आणि वरून पॅकिंगची टेप. पंख फ्लेक्सच्या बोर्डाचे करा, जुन्या निवडणुकीचे गावात भरपूर पडलेले असतात. पन्हाळी पुठ्ठाही चालतो, पण पहिल्याच उड्डाणात भिजून पापड होतो.

लाँचरसाठी प्लंबरच्या दुकानातून अर्ध्या इंची यूपीव्हीसी पाइप आणा. सीपीव्हीसी नको, त्याचा अर्धा इंच बारीक असतो, बाटलीत लडबडतो. यूपीव्हीसीचा पाइप बाटलीच्या तोंडात जवळपास बरोब्बर बसतो. हवा सुटू नये म्हणून पाइपवर खाच करून एक ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, बसवायची. पाइपच्या दुसऱ्या टोकाला एंड कॅप, तिला भोक पाडून टायरवाल्याकडचा ट्यूबलेस व्हॉल्व. बाटलीच्या गळ्याला जी कडा असते ती धरायला आठ-दहा केबल टाय पाइपभोवती उभे बांधायचे, त्यांची डोकी कडेवर अडकतील असे. ती डोकी आवळून धरायला जाड पाइपचा एक तुकडा, बांगडीसारखा वर-खाली सरकणारा. त्या बांगडीला दोरी. दोरी खेचली की बांगडी खाली येते, टाय मोकळे होतात, रॉकेट जातं. पहिल्या खेपेला टाय सगळे सारख्या उंचीवर येणार नाहीत, बाटली तिरकी बसेल. उकलून पुन्हा बांधा. कारखान्यानंतर आता मी पोरांना हेच शिकवतो; माझ्या वर्गातल्या पोरांना सरासरी तीन वेळा बांधावं लागतं.

पंप घड्याळवाला हवा, अंदाजाने हवा मारायची नाही. आणि उडवण्याआधी प्रत्येक नव्या जोडणीची हायड्रो टेस्ट करायची. आम्ही कारखान्यात दाबाच्या भांड्याची करायचो तीच: बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही आणि मग दाब नव्वदपर्यंत न्यायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ताकद साठत नाही. फुटलीच तर फस्सकन गळते. हवेने भरलेली फुटली तर प्लास्टिकचे तुकडे उडतात. ह्या एका फरकात दाबाच्या भांड्यांचं निम्मं शास्त्र आहे आणि ते मुलाला हाताने कळतं. नव्वदला टिकली तर उडवताना साठच्या वर जायचं नाही. दहा-बारा उड्डाणांनंतर बाटली भंगारात, कितीही लाडकी असली तरी.

आता रॉकेटमधला खरा मजेचा भाग, ज्याच्याशी दारूचा काडीचाही संबंध नाही: ते सरळ का जातं?

दिवाळीच्या बाणाची काडी मोडून कुणी उडवलाय? मोडकी काडी लावलेला बाण समोरच्यांच्या गॅलरीत जातो, हे प्रत्येक सोसायटीला माहीत आहे. काडी शोभेची नसते. बाण हवेत जरा तिरका झाला की समोरून येणारी हवा त्या लांब शेपटीला बाजूने ढकलते आणि नाक पुन्हा वाटेवर येतं. म्हैसूरच्या हैदर-टिपूच्या लढाऊ बाणांनाही लांब बांबू बांधलेला असे, काहींना तलवारीचं पातं. त्यांचं वेगळेपण लोखंडी नळीत होतं. कागदाच्या नळीपेक्षा ती जास्त दाब सोसायची म्हणून पल्ला वाढला. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडाल्या, त्याचं श्रेय ह्याच बाणांना देतात. पुढे इंग्रजांनी इथले नमुने लंडनजवळच्या वूलिचच्या शस्त्रागारात नेले आणि विल्यम काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने त्यांवरून आपले केले. आपण आजही रॉकेटला ‘बाण’ म्हणतो तो ह्याच घराण्यातला शब्द.

काडीचं काम पंखही करतात. नियम एवढाच: वजनाचा मध्य पुढे, हवेच्या दाबाचा मध्य मागे, आणि दोघांमध्ये निदान एका बाटलीच्या जाडीएवढं अंतर. वजनाचा मध्य बोटावर तोलून मिळतो. हवेचा मध्य अंदाजाने काढायचा सोपा मार्ग: रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर कापायची आणि ती पट्टीच्या कडेवर तोलायची. जिथे तोलली जाते तो मध्य. हा अंदाज जरा जास्तच सावध येतो, आपल्याला तेच हवं. अंतर कमी पडलं तर पंख मोठे करत बसू नका, नाकात वजन घाला. शाडूची माती किंवा कणीक, साठ-सत्तर ग्रॅम. नाक टोकदार नको. स्पंजचा अर्धा चेंडू लावा, खाली कुणाच्या डोक्यावर आलंच तर.

मग झोका चाचणी. रिकामं रॉकेट वजनाच्या मध्याशी दोन-अडीच मीटर दोरीने बांधायचं आणि डोक्याभोवती गरगरा फिरवायचं. नाक पुढे धरून फिरलं तर पास. आडवं-तिडवं फिरलं तर नापास, मैदानावर नेऊ नका. एकदा एका मुलीने नापास झालेलं रॉकेट तसंच आणलं, ‘सर, वर गेल्यावर सुधारेल’ म्हणाली. वर गेल्यावर ते वळलं आणि माझ्या स्कूटरचा आरसा घेऊन गेलं. त्या दिवशी तिला वजनाचा मध्य जितका समजला तितका मला तीन तासिकांत शिकवता आला नसता. आरशाचे पैसे मी घेतले नाहीत.

मोजमाप नसेल तर हा नुसता पाणी उडवण्याचा खेळ राहतो. कोनमापक उलटा धरा, मध्याला दोरा, दोऱ्याला नट. वरच्या सरळ कडेवरून रॉकेटच्या सर्वांत उंच जागी नेम धरायचा आणि दोरा बोटाने तिथेच दाबायचा. लाँचरपासून तीस मीटरवर उभे असाल आणि कोन ४५ अंश आला तर उंची तीस मीटर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची. बाकी वेळी दोऱ्याखालचा आकडा ९० मधून वजा करा आणि त्या कोनाला टॅन्जन्टचा तक्ता. तो अजून शिकवला नसेल, पण गरज पडली की पोरं पुढचं पुस्तक स्वतः उघडतात, हे मी पाहिलंय.

नंतर पाण्याचं माप बदलत जायचं. २०० मिली, ४००, ६००, ८००, एक लिटर. प्रत्येकी तीन उड्डाणं, हवा तीच. वहीत आलेख काढायचा. पाणी फार कमी असेल तर फेकायला वस्तुमान नाही, फार जास्त असेल तर हवेला जागा नाही आणि ताकद हवेतच असते. आलेखाचं टेकाड बहुतेक एक तृतीयांशाच्या आसपास येईल, पण हे त्याला आधी सांगू नका. तुमच्या मुलाला ‘प्रमाण’ हवं होतं ना? हे घ्या. स्वतः शोधलेलं, आणि चुकलं तर फक्त भिजायचं.

जागा मोकळी हवी. ज्वारी काढलेलं रान उत्तम, शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी. विजेच्या तारा नकोत, विमानतळाच्या आसपास नको, वारा सुटला असेल तर घरी जा. हवा भरताना सगळे दहा-पंधरा मीटर मागे, भरणारा लांब नळी लावून आणि डोळ्यांवर चष्मा चढवून. दाब भरलेल्या रॉकेटवर कुणी वाकायचं नाही. दोरी ओढली आणि सुटलं नाही, तर जवळ जाऊन हलवायचं नाही. ह्यासाठी लाँचरला आधीच एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि बॉल व्हॉल्व बसवा आणि त्याच्या दांडीला दुसरी दोरी. ती ओढून लांबूनच हवा सोडायची.

ह्यात वर्षभर रमला तर पुढची वाट आहे. ओपनरॉकेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून ते निघालं. त्यात रॉकेट रचून संगणकावर उडवून बघता येतं. कॉलेजात गेल्यावर इन-स्पेस ही सरकारी संस्था भरवते तशा मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटच्या, म्हणजे डब्याएवढ्या नकली उपग्रहांच्या, स्पर्धा आहेत. आणि दारूचंच वेड असेल, काहींना असतं, मला होतं, तर रसायनशास्त्र घेऊ द्या. पुण्यात पाषाणला उच्च ऊर्जा पदार्थांची संरक्षण प्रयोगशाळा आहे. तिथे हेच काम बांधामागे उभं राहून करतात, त्याचा पगार मिळतो आणि बोटं शाबूत राहतात.

बरणीचा निकाल लागला की त्या तिघांना घेऊन प्लंबरच्या दुकानात जा. यादी वर आहेच; ओ-रिंगा दोन जास्तीच्या घ्या, पहिली खाचेत बसवताना हमखास तुटते. पहिल्या दिवशी जुने कपडे घाला. दोरी ओढणारा माणूस भिजतोच, आणि पहिली दोरी तुम्हालाच ओढावी लागणार आहे.